सोलापुरात मुलांना घरी शिकवायचंय? आधी एक दोनशे पानी वही आणा

सकाळी अकरा वाजता पोराला घेऊन रिक्षात बसलं की मामा आरशातून बघतात आणि विचारतात, "काय बे, शाळा बुडवलास व्हय?" पहिल्या वर्षी धाकटा गोंधळून माझ्या तोंडाकडे बघायचा. आता तोच उत्तर देतो, "मी घरीच शिकतो मामा." त्यावर मामांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग परीक्षा कशी देणार ओ ताई?"

प्रश्न बरोबर आहे. आम्ही हे सुरू केलं तेव्हा आमच्याकडेही त्याचं उत्तर नव्हतं. खाली लिहिलंय ते पाच वर्षांत धक्के खात जमवलेलं आहे. ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांनाही यातला मधला भाग उपयोगी पडेल, कारण शिकण्याचा मोठा वाटा तसाही शाळेच्या वेळेबाहेरच होतो.

पायरी १ : आधी घरात बोला, मग जगाला सांगा

दिवसातले तीन-चार तास मुलाबरोबर शांतपणे बसू शकेल असं घरात कोण आहे? आजी-आजोबा असतील तर उत्तम, पण त्यांना निर्णयात घ्या, फक्त राखणीला ठेवू नका. माझ्या सासूबाई पहिले सहा महिने नातेवाइकांना "शाळेला सुट्टी आहे" असंच सांगायच्या. चूक आमची होती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मुलालाही विचारा. शाळेत त्याचा जीव रमत असेल तर केवळ आपल्या तत्त्वासाठी त्याला बाहेर काढू नका.

काय गमावणार आहात हेही आधीच मोजा. शिष्यवृत्ती परीक्षा शाळेमार्फत दिली जाते. पोखरापूरच्या जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा द्यायची तर मूल मान्यताप्राप्त शाळेत शिकत असावं लागतं. बोनाफाईड मिळत नाही, म्हणून एसटीचा विद्यार्थी पासही नाही. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांतून जागा मिळालेली असेल तर दहादा विचार करा. ते प्रवेश सुरुवातीच्याच वर्गात होतात, मध्येच सोडलेली जागा पुन्हा मिळत नाही. अशा घरांना मी तरी सांगते, शाळा सोडू नका, संध्याकाळ आणि रविवार वापरा.

पायरी २ : कायदा आणि कागद

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, हा त्याचा गाभा. यातली सक्ती मुख्यतः सरकारवर आहे. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं कलम १० सांगतं, पण तसं न केल्यास पालकाला दंड किंवा कैद अशी तरतूद या कायद्यात नाही. घरी शिकवायला त्यात उघड परवानगी नाही आणि शिक्षाही नाही. हे डोळे उघडे ठेवून स्वीकारायचं. "सगळं कायदेशीर आहे" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान हलवा आणि घरी येऊन फाइल नीट लावा.

फाइलमध्ये काय हवं? जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, रहिवासाचा पुरावा. मूल आधी शाळेत होतं तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि सगळी प्रगतिपुस्तकं. दाखल्याचं तर विशेष सांगते. आमच्या आधीच्या शाळेने त्यासाठी चार खेपा घालायला लावल्या आणि शेवटी त्यावर आडनावाची वेलांटी चुकवली. ती दुरुस्त व्हायला आणखी दोन महिने गेले. दाखला हातात पडला की तिथेच, काउंटरवर उभं राहून नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव वाचा. त्याच्या पाच छायाप्रती काढा आणि मूळ प्रत कुणालाही सहज देऊ नका.

अधूनमधून शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं, शिक्षक दारोदार येतात. घाबरू नका, त्यांना चहा द्या. ते त्यांचं काम करतायत, आणि वीटभट्टीवरची किंवा ऊसतोडीला गेलेली मुलं याच फिरण्यातून सापडतात. आमच्या दारात आलेल्या बाईंना मी फाइल दाखवली, मग वही. फाइल त्यांनी दोन मिनिटांत मिटली. वही वीस मिनिटं चाळली.

ती वही म्हणजे दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, साधी. प्रत्येक मुलाला वेगळी. रोज रात्री चार ओळी लिहायच्या: आज काय केलं, मुलाने कोणता प्रश्न विचारला, कुठे अडलं. तारीख हवीच. मुलाने काढलेलं चित्र, दुकानाची पावती, बसचं तिकीट चिकटवायचं. "आज काही झालं नाही" असंही लिहायचं. वेळापत्रक आधी आखू नका, आधी ही वही भरू द्या. महिनाभराने पानं उलटलीत की मूल कशात रमतं ते तुमच्याच अक्षरात दिसेल.

पायरी ३ : पहिले दोन महिने काही शिकवू नका

हे सगळ्यात अवघड. आम्ही पहिल्याच सोमवारी फळा टांगला, आठ ते साडेआठ मराठी, साडेआठ ते नऊ गणित असं लिहिलं आणि गुरुवारपर्यंत घरात तीन भांडणं झाली. शाळेतून बाहेर आलेल्या मुलाला श्वास घ्यायला वेळ लागतो. त्याला लोळू द्या, कंटाळू द्या. कंटाळ्यातून ते कुठे वळतं ते वहीत लिहा. मोबाइल मात्र या काळात आवराच, नाहीतर कंटाळा येणारच नाही.

पायरी ४ : दिवस सोलापूरच्या उन्हाप्रमाणे लावा

एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीच्या पार जातो. त्यामुळे बाहेरचं सगळं सकाळी साडेनऊच्या आत. दुपारी वाचन, चित्र, गोष्टी, झोप. संध्याकाळी खेळ. लिहिण्या-वाचण्याचं बसून करायचं काम लहान मुलांना दिवसाला तास-दीड तास खूप होतं. नऊ-दहा वर्षांनंतर दोन तास. एका शिक्षकासमोर एकच मूल असलं की काम फार लवकर उरकतं.

ज्या दिवशी नळाला पाणी येतं तो दिवस मोकळाच ठेवा. सोलापूरकरांना कारण सांगायला नको. तो दिवस मात्र वाया जात नाही.

पायरी ५ : विषय घरातूनच निघतात

गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. पाणी पाच दिवसांनी येणार. घरात माणसं चार. माणशी रोज किती? आमच्या धाकट्याचा भागाकार इथे पक्का झाला. हजार भागिले पाच म्हणजे रोज दोनशे, भागिले चार म्हणजे माणशी पन्नास लिटर, पंधरा लिटरच्या बादलीने तीन बादल्या आणि वर थोडं. उत्तर निघाल्यावर तो थोरलीला म्हणाला, "तू एकटीच चार बादल्या घेतीस." भांडण झालं, पण मोजमापाचं.

पावसाळ्यात हेच पुढे न्या. सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा आणि पट्टीने मिलिमीटर मोजा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. पाचशे चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर, त्यावर वीस मिलिमीटर पडला तर नऊशे लिटरच्या वर. जवळजवळ टाकीभर पाणी पन्हाळीतून वाहून गेलं हे मुलाला स्वतःच्या गणितातून कळलं, की पाणी जिरवण्यावर निबंध लिहून घ्यावा लागत नाही.

प्रमाण शिकवायला शेंगा चटणी. भाजण्याआधी शेंगदाणे तोला, भाजून सालं काढून पुन्हा तोला. किलोचं किलो भरत नाही. कुठे गेलं वजन? साल पाखडलेली दिसते, वाफ झालेला ओलावा दिसत नाही. मग आजीचं "अंदाजाने" असलेलं तिखट, मीठ, लसूण, जिरं ग्रॅममध्ये मांडायचं आणि तीन किलोसाठी हिशेब करायचा. सासूबाई इथेच आमच्या बाजूला आल्या. नातवाने त्यांचा अंदाज काट्यावर तपासला आणि तो दोन वेळा बरोबर निघाला.

सोलापूरचं खरं धन म्हणजे भाषा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या अक्का तेलुगू बोलतात, समोरच्या मावशी कानडी. मुलांनी दोघींकडून आकडे शिकून वहीत शेजारी शेजारी लिहिले: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु आणि ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. "आई, तीनपासून दोघी जवळजवळ एकच बोलतात!" हे त्यांचं त्यांना दिसलं. द्राविडी भाषाकुलाचा धडा तेवढ्यात झाला. शिकवणी लावायची गरज नाही. रोज दहा मिनिटं अक्कांकडे पाठवा आणि बदल्यात त्यांचं मोबाइलचं काम करून द्या.

पुस्तकांवर पैसे घालवू नका. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवता येतात. पुस्तकात जो क्यूआर कोड दिसतो, त्याची सुरुवातही आपल्याच जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो वापरात आणला, त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. माझं मत असं की इयत्तेचं पुस्तक घरात असावंच, पण ते धड्यांच्या क्रमाने घेऊ नये. महिन्यातून एकदा अनुक्रमणिका उघडायची आणि यातलं काय आपोआप झालं त्यावर खूण करायची. राहिलेलं बसून शिकवायचं. अपूर्णांक आणि शुद्धलेखन आमच्याकडे कधीच आपोआप झालं नाही, ते बसूनच करावं लागलं.

'किशोर' मासिकही लावा. तेही बालभारतीचंच, १९७१ पासूनचं.

पायरी ६ : गावात फिरा, पण एका वेळी एकच ठिकाण

नवे पालक पहिल्या उत्साहात एका रविवारी भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर असं सगळं उरकतात. मुलाला आठवतो तो फक्त बर्फाचा गोळा. एकाच ठिकाणी तीनदा जा, ते बरं.

चादरी विणायचे माग पाहायला शहराच्या पूर्व भागात जा. आधी विचारून, काम चालू असताना मध्ये न येता, आणि मुलांचे कपडे-केस यंत्रापासून लांब ठेवून. पहिल्या भेटीत फक्त उभा धागा, आडवा धागा आणि ये-जा करणारा धोटा बघा. दुसऱ्या भेटीत चादरीवरची नक्षी कशी उमटते ते. जेकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथे नाही. आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांवर अख्खा मोर उभा राहतो. संगणकाच्या जुन्या पंच कार्डांची कल्पना याच पुठ्ठ्यांवरून आली. घरी येऊन चौकटीच्या वहीत एक-शून्य लिहून नक्षी काढा. आमच्या थोरलीने सोळा बाय सोळाचा हत्ती काढला, त्याला सोंड दोन झाल्या, आणि चूक कोणत्या ओळीत आहे हे शोधायला तिला दोन दिवस लागले. कोडिंगच्या वर्गाची फी वाचली म्हणा.

इतिहासासाठी जानेवारी राखून ठेवा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याच सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज आणि अक्षता सोहळा. एकाच आठवड्यात हुतात्म्यांचे पुतळे आणि सिद्धेश्वराची मिरवणूक दोन्ही बघितली की मुलं स्वतःहून विचारतात, हे चौघे कुठे राहायचे, त्यांच्या वेळीही गड्डा भरायचा का. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक वेगळ्या दिवशी करा. १९१० साली सोलापुरात जन्मलेला माणूस १९३८ मध्ये चीनला जखमींची सेवा करायला जातो आणि १९४२ मध्ये तिथेच मरतो. नकाशा बरोबर न्या.

आमच्या घरातली सगळ्यात गाजलेली सहल मात्र हत्तरसंग कुडलची. भीमा आणि सीना यांचा संगम, जुनं देऊळ आणि त्यातला शके ९४० चा मराठी शिलालेख. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे १०१८. ही बेरीज मुलांकडून तिथेच करून घ्या. लेखातली ओळ आहे, "वाछि तो विजेया होईवा", म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. धाकट्याने तेव्हा नुकतंच जोडाक्षर वाचायला सुरुवात केली होती. त्याने विचारलं, "मग मी आत्ता जिंकलो का?" त्या दिवशीचं वहीतलं पान त्याने स्वतः लिहिलं, अर्धं उलट्या अक्षरात.

नान्नजच्या माळावर थंडीत सकाळी लवकर जा. माळढोक पक्षी दिसेल अशी आशा मुलांना लावू नका, तो आता जवळपास दिसतच नाही. काळवीट दिसतात. केगावजवळ विज्ञान केंद्र आहे, तिथे शाळांच्या सहली नसतील असा दिवस निवडा.

पायरी ७ : सोबती

"मुलं एकलकोंडी होतील" हा आरोप ऐकायची तयारी ठेवा. त्यात थोडं तथ्यही आहे. सकाळी गल्ली ओस असते. आम्ही संध्याकाळचे साडेपाच ते साडेसात पवित्र मानले. त्या वेळात कोणताही अभ्यास, कोणतीही सहल नाही, गल्लीत क्रिकेटच. शिवाय एक शिकण्याची जागा घराबाहेरची हवी, जिथे आई-बाप नसतात: तालीम, तबला, पोहणं, काहीही. आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी चकरा, जिथे मुलाने स्वतः पुस्तक मागायचं आणि स्वतः परत करायचं.

पायरी ८ : मामांचं उत्तर, अर्थात परीक्षा

वाटा तीन आहेत.

पहिली, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. इथे पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा देता येतात. पाचवीसाठी वय किमान दहा, आठवीसाठी तेरा. शाळेत कधीच नाव नसलेल्या मुलाला पहिला सरकारी कागद इथून मिळतो.

दुसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. ही १९८९ पासूनची केंद्र सरकारची संस्था. दहावीला वय किमान चौदा, आठवीचं प्रमाणपत्र नसेल तर स्वयंघोषणेवर प्रवेश होतो. उत्तीर्ण व्हायला पाच विषय, त्यात किमान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्यात नऊ संधी, म्हणजे एका वेळी दोन विषय देत देत दहावी होते. दहावी मराठीतूनही देता येते. प्रादेशिक केंद्र पुण्याला.

तिसरी, आपल्या राज्य मंडळाची दहावी खासगीरित्या, म्हणजे फॉर्म नंबर १७. त्यासाठी किमान पाचवी उत्तीर्ण हवी आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला. मघाशी मी दाखल्यावर एवढी का अडून बसले ते आता कळलं असेल. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग ठरलेल्या संपर्क शाळेत कागद द्यायचे. सोलापूर पुणे विभागीय मंडळात येतं. तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करतं, त्यामुळे चौकशी पावसाळ्यातच सुरू करा. दिवाळीनंतर जागे झालात तर उशिराचं शुल्क भराल, किंवा वर्ष जाईल.

केंब्रिजसारख्या परदेशी मंडळांचीही वाट आहे, पण तिची फी आमच्या खिशाच्या बाहेरची होती, म्हणून त्यावर मी काही सांगत नाही.

पायरी ९ : मूल म्हणालं, "मला शाळेत जायचंय"

हा दिवस येऊ शकतो. आमच्या थोरलीने बाराव्या वर्षी तो आणला. मला दोन दिवस जेवण गेलं नाही, तिला मात्र अगदी साधी गोष्ट वाटत होती: तिला कबड्डीचा संघ हवा होता.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागे असेल तर बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणही. जुनी गुणपत्रिका नाही म्हणून दार बंद होत नाही. महापालिकेची किंवा अनुदानित शाळा आधी विचारा. जूनची वाट बघू नका, पण मार्चमध्येही जाऊ नका, तेव्हा सगळे परीक्षेत असतात. जाताना फाइल न्या, आणि वह्या. मुख्याध्यापिका बाईंनी आमच्या पाच वह्यांतल्या दोन ठेवून घेतल्या, थोरलीला एक उतारा वाचायला दिला, त्रैराशिकाचं एक गणित घातलं आणि सातवीत बसवलं.

अभ्यासाची अडचण तिला आलीच नाही. अडचण आली ती पस्तीस मिनिटांनी घंटा वाजली की हातातलं काम टाकून देण्याची, आणि पाणी प्यायला विचारून जाण्याची. पहिला महिना ती घरी येऊन अर्धी राहिलेली गणितं पूर्ण करायची. प्रवेश घेताना वर्गशिक्षकांना एवढं आधी सांगून ठेवा.